‘येते’ म्हटल्यावर थांबलेली गाडी

‘कशाला?’ हा आपल्या भाषेतला सगळ्यात स्वस्त प्रश्न आहे. एवढी महाग साडी कशाला, या वयात पोहायला शिकायचं कशाला, दोघांनी नोकरी करायची कशाला. जर्मन माणूस ‘वोत्सू’ असं विचारतो तेव्हा त्याला निदान उत्तर तरी हवं असतं. आपल्याकडे ‘कशाला’ला उत्तर नसतं. उत्तर विचारणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं, की गरज नाही.

तर, गाडी अमेरिकन आहे. ऐंशीच्या दशकातली आहे, आठ सिलिंडरची आहे, दोनच दरवाज्यांची आहे आणि ती मी घेतली आहे. कशाला, ते मी सांगणार नाही.

लोकांना हे सहन होत नाही. माझ्या वतीने कारणं शोधून आणण्यात त्यांनी कसूर केली नाही. कुणी म्हणालं, लहानपणी टीव्हीवर पाहिली असेल. आमच्या गावात लहानपणी टीव्हीवर काय दिसायचं हे त्यांना ठाऊक नसावं. कुणी म्हणालं, वडिलांचं स्वप्न असेल. माझे वडील आयुष्यभर सायकलवर फिरले आणि सुखात होते. त्यांच्या स्वप्नात ही गाडी आली असती तर ते दचकून उठले असते आणि पाणी प्यायले असते. कुणी नुसतंच ‘वय झालं की होतं असं’ म्हणून हसलं. पुरुषाने अशी गाडी घेतली तर शौक, बाईने घेतली तर हार्मोन्स.

मी राहते जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या र्युसेल्सहाइमला, आणि माझं काम गाड्या गप्प करण्याचं आहे. शब्दशः. एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही गाड्यांमधले नको असलेले आवाज शोधतो. डॅशबोर्डच्या मागे कुठेतरी प्लास्टिक प्लास्टिकला घासतं आणि खडबडीत रस्त्यावर चुरचुरतं. ते नेमकं कुठे ते कानाने आणि मायक्रोफोनने हुडकायचं आणि तिथे फेल्टची बोटभर पट्टी लावायची. विजेच्या गाड्या आल्यावर लोकांना वाटलं आमचं काम संपलं. उलट वाढलं. इंजिन गेलं आणि त्याच्या आडोशाला लपलेले सगळे किरकिरे आवाज उघड्यावर आले. तेही बंद करून झाले की मग गाडीला बाहेर स्पीकर लावून खोटा आवाज सोडायचा, कारण पादचाऱ्यांना गाडी आल्याचं कळायला हवं, तसा नियम आहे. तो खोटा आवाज ‘विश्वासू पण उत्साही’ असावा का ‘शांत पण सावध’, यावर तास तास चाललेल्या मीटिंगांना मी बसलेली आहे.

आता वाचणारा म्हणेल, बघा, सापडलं कारण, बाई शांततेला कंटाळली. नाही. मला माझं काम आवडतं आणि मी त्यात चांगली आहे. कारण शोधू नका.

मागच्या एप्रिलमध्ये हॅनोव्हरच्या प्रदर्शनात आमच्या कंपनीचा स्टॉल होता आणि दोन दिवस तिथे उभं राहायची पाळी माझी होती. दुपारी गर्दी ओसरली की मी फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसायचे. घ्यायच्या म्हणून नाही. जशा काही बायका न घेण्याच्या साड्या बघतात, तशा. त्यात ही दिसली. तांबूस सोनेरी रंग, पत्र्यात मिटून झोपलेले हेडलाइट, छपराला हाताने काढता येतील अशा काचेच्या दोन झडपा. ठिकाण हॅनोव्हरपासून लोकल गाडीने पंचवीस मिनिटांवरचं गाव. खाली लिहिलं होतं, ‘चांगल्या हातांतच द्यायची आहे’. आणि त्याच्याखाली, ‘शेवटची किंमत काय, असं विचारणाऱ्यांना उत्तर मिळणार नाही’.

ही शेवटची ओळ आमच्यासाठी असते. मोडक्या जर्मनमध्ये घासाघीस करणाऱ्या परदेशी लोकांची टिंगल म्हणून इथे ती जाहिरातींत सर्रास छापतात. ती वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच मी फोन लावला.

पलीकडे म्हातारा, खणखणीत आवाज. मी म्हटलं, गाडी बघायला यायचंय. तो म्हणाला, “तुमचे यजमान कधी येऊ शकतील?”

“माझा नवरा घरी आहे,” मी म्हणाले, “आणि त्याला गाडीतला फक्त मॅप कळतो. मी उद्या चार वाजता येते.”

दुसऱ्या दिवशी स्टॉलवरून लवकर सुटले आणि गेले. गृहस्थ चौऱ्याहत्तर वर्षांचे, उंच, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आयुष्यभर ड्रायव्हिंग स्कूल चालवलेलं, म्हणजे पेशाने मास्तर. मी मनात त्यांना मास्तरच म्हणू लागले, ते आजतागायत. गॅरेजमध्ये गाडीच्या खाली जुनं कार्पेट अंथरलं होतं. त्यांनी दिवा लावला, किल्ली पुढे केली आणि म्हणाले, “चालू करून बघा.”

मी किल्ली घेतली नाही. बॉनेटवर तळहात ठेवला. गरम.

“इंजिन गरम आहे,” मी म्हणाले.

“मघाशी जरा फिरवून आणली. बॅटरीसाठी.”

“मला गार हवं.”

जुनी गाडी विकणारे गिऱ्हाईक यायच्या आधी ती तापवून ठेवतात. कधी लबाडीने, कधी नुसत्या सवयीने. गरम इंजिन पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखं असतं, विचारलं तेवढंच आणि गोड बोलतं. खरं काय ते गार इंजिन सुरू करताना पहिल्या दोन मिनिटांत कळतं. माझं पोट या दोन मिनिटांवर चालतं.

“गार व्हायला तीन तास लागतील,” मास्तर म्हणाले.

“थांबते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ उभे राहिले आणि म्हणाले, “मग कॉफी करावी लागेल.”

तीन तास आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो. कॉफी झाली, आदल्या दिवशीचा बटरचा केक झाला. त्यांनी मला शिकाऊ लोकांचे किस्से सांगितले. मी त्यांना सांगितलं की त्यांच्या फ्रिजचा मागचा पाय हलतोय आणि म्हणून तो गुणगुणतो. त्यांनी उठून पायाखाली पुठ्ठा घातला, आणि फ्रिज गप्प झाला. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला ही गाडी का हवी आहे? आधी येऊन गेलेल्या सहा जणांनी आपापल्या गोष्टी सांगितल्या होत्या. एकाच्या काकाकडे अशीच होती, एकाने पोस्टर लावलं होतं, एकाचं पहिलं प्रेम अशाच एका गाडीत बसून गेलं होतं.

“माझ्याकडे गोष्ट नाही,” मी म्हणाले. मास्तरांनी मान हलवली आणि केकचा दुसरा तुकडा माझ्या ताटलीत ठेवला.

सात वाजता इंजिन गार झालं. मी पर्समधून मेकॅनिकचा स्टेथोस्कोप काढला. डॉक्टरांचा असतो तसाच, फक्त पुढे चकतीऐवजी लांब सळई. मास्तरांनी किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली, आणि त्या सगळ्या गडगडाटात मला हवा होता तो आवाज मिळाला. डाव्या बाजूला अगदी मागे, टिक, टिक, टिक. धूर बाहेर नेणारा बिडाचा भाग इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथून. तीन-चार मिनिटांत धातू तापून फुगला आणि आवाज नाहीसा झाला.

“डावीकडचा शेवटचा बोल्ट तुटलेला आहे,” मी म्हणाले.

“आठ वर्षं झाली,” मास्तर म्हणाले. पकडले गेल्याची लाज नव्हती, उलट चेहरा खुलला होता. “सहा जण बघून गेले. एकालाही ऐकू आलं नाही.”

मग त्यांनी मला चालवायला दिली, आणि बाजूला बसून माझी परीक्षा घेतली. खांद्यावरून मागे बघा, आरसा पुरेसा नाही. उजवीकडून येणाऱ्याला आधी. गावाबाहेर रस्ता सरळ झाला तेव्हा ते म्हणाले, “आता द्या पाय.” मी दिला.

तो आवाज कानात नंतर आला. आधी मांड्यांत आला, मग पाठीत. मी मोठ्याने हसले. मास्तर समोर बघत राहिले, पण म्हणाले, “हं.” मला ती गाडी हवी होती. पन्नाशी उलटल्यावर एखादी गोष्ट इतकी स्वच्छ, कुणाच्या सोयीशी संबंध नसताना हवीशी वाटेल असं मला वाटलं नव्हतं. मुलीच्या शाळेला जवळ म्हणून हे घर, नवऱ्याला स्टेशन जवळ म्हणून हा भाग, सगळ्यांना चालतो म्हणून हा पिवळट सोफा. सगळं चालण्यासारखंच घेतलं आजवर. आणि तिथे, उत्तर जर्मनीतल्या बटाट्याच्या शेतांमधून जाताना, मला काहीतरी हवं होतं आणि ते मला भयंकर आवडत होतं.

पण घेते म्हणायची हिंमत झाली नाही. गाडी परत लावली, कोट चढवला. शेवटची लोकल गाठायची होती. मनात म्हणत होते, घरी बोलू, बघू, एवढी घाई काय. आणि दाराशी आल्यावर तोंडातून आपसूक निघालं, “येते हं.” अर्थात जर्मनमध्ये. इश कोमं वीडर, मी परत येते.

आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही. वाण्याच्या दुकानातूनही ‘येते’ म्हणूनच निघतो. इतकी वर्षं या देशात राहून माझं जर्मन सुधारलं, कर्मणिप्रयोग जमायला लागला, पण दारातून निघताना ‘जाते’ म्हणायला जीभ अजून वळत नाही. डेंटिस्टकडून निघतानाही मी ‘परत येते’ म्हणते आणि तिथली बाई कॅलेंडर उघडते.

मास्तरांनी विचारलं, “कधी?”

“लवकरच,” मी म्हणाले. लग्नात भेटलेल्या लांबच्या मावशीला आपण म्हणतो ना, येते एकदा घरी, तसं.

“ठीक,” ते म्हणाले, आणि हात मिळवला.

घरी आल्यावर मी नवऱ्याला गाडीबद्दल सांगितलं. नवरा फ्रँकफुर्टला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, पुण्याचा आहे, शांत आहे, डाळ-तांदूळसुद्धा तक्ता करून आणतो. त्याने आरडाओरडा केला नाही. “अगं, मस्तच असेल,” तो म्हणाला, “पण कशाला?” आणि मग पार्किंग, पार्ट्स, विमा असं एकेक बोटावर मोजून दाखवलं. मी म्हटलं, बरं, विचार करू. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी फोन काढून जाहिरात बघायला गेले, तर जाहिरात नाही. काढून टाकलेली.

कुणीतरी घेतली होती. पोस्टरवाल्याने, नाहीतर काकावाल्याने.

“गेली ती,” मी नवऱ्याला म्हणाले.

“चला, सुंठीवाचून खोकला गेला,” तो म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

मला वाटलं होतं सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत एक खोली आहे, तिच्या भिंती आवाज पिऊन टाकतात. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्या खोलीत गेले, दार लावलं आणि एक अस्सल मराठी शिवी बेंबीच्या देठापासून दिली. भिंतींनी ती गिळली. काहीसुद्धा बरं वाटलं नाही. मला स्वतःचा राग आला होता. मला हवी होती आणि मी ‘विचार करू’ म्हणाले. म्हणजे दुसऱ्यांची कारणं आपल्या डोक्यात रांगेने बसवायला वेळ मागितला.

दोन आठवड्यांनी, कँटीनमध्ये हातात ट्रे असताना, फोन वाजला. मास्तर.

“तुमच्या यजमानांशी मी परवा बोललो,” ते म्हणाले. “तुमचा मोबाइल लागत नव्हता म्हणून तुम्ही लिहून दिलेल्या घरच्या नंबरावर केला. ते म्हणाले तुम्ही येणार नाही.”

मी ट्रे खाली ठेवला. “गाडी विकली नाही तुम्ही?”

“कशी विकणार? तुम्ही म्हणालात की परत येते. त्याच संध्याकाळी मी जाहिरात काढली. दोघांना नाही म्हटलं. एकजण हॅम्बर्गहून ट्रेलर घेऊन निघणार होता.”

ते पुढे सांगू लागले. यजमान फार सभ्य वाटले. यजमानांनी समजावून सांगितलं की तुमच्या भाषेत निघताना तसं म्हणायची पद्धत आहे, त्याचा अर्थ तसा नसतो, गैरसमज झाला, क्षमा असावी.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हणालो, शब्द बाईंनी दिला होता. येणार नसतील तर बाई सांगतील. म्हणून तुम्हाला फोन केला. तुम्ही येणार आहात का?”

नवऱ्याने सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पद्धतच आहे, अर्थ तसा नसतो. एक वाक्य बोलून मला सुटता आलं असतं, माफी मागून आयुष्यभर हा किस्सा फराळाच्या वेळी सांगता आला असता, आणि सगळे हसले असते. आपण कसे ‘येते’ म्हणतो आणि ते कसे खरं धरतात. पण माझं बोलणं खरं धरून एक माणूस दोन आठवडे दोन गिऱ्हाइकांना नाही म्हणत बसला होता. माझ्या घरात माझं बोलणं कुणी शेवटचं कधी खरं धरलं होतं ते मला आठवेना.

“शनिवारी,” मी म्हणाले. “साडेअकराच्या लोकलने.”

“ठीक. मग मी तिला गार ठेवतो,” मास्तर म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी जाताना माझे कान तापले होते. नवरा लॅपटॉपसमोर बसला होता. मी कोट न काढता विचारलं, “तू माझ्या परस्पर त्यांना ‘नाही’ म्हणून सांगितलंस?”

त्याला लगेच कळलं. “अगं, आल्झो, म्हणजे, तो माणूस तुझी वाट बघत बसला होता. मला वाईट वाटलं त्याच्यासाठी. गैरसमज क्लिअर केला, बस. तू नुसतं ‘येते’ म्हणाली होतीस.”

“मी म्हणाले होते ना? मग त्याचा अर्थ काय ते मी सांगेन. आणि मला बोललासही नाहीस. दोन दिवस तू या टेबलाशी बसून माझ्यासोबत जेवलास.”

“तुला गाडी गेली असं वाटून तू शांत झाली होतीस. पुन्हा कशाला—”

“मी शांत नव्हते झाले. मी गप्प होते. मी पगार घेते तो यातला फरक ओळखण्याचा.”

त्याने लॅपटॉप मिटला. मी म्हणाले, “शनिवारी मी हॅनोव्हरला जातेय. गाडी घ्यायला.” आणि तो जे बोलणार होता ते त्याच्या ओठावर दिसलंच, म्हणून आधीच सांगून टाकलं, “कशाला विचारू नकोस. विचारलंस तरी सांगणार नाही.”

आवाजाने लेक खोलीतून बाहेर आली. सोळा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, बोलते जर्मन. शुक्रवारी शाळा बुडवून हवामानासाठी रस्त्यावर उतरलेली मुलगी आहे ती. “मामा,” ती म्हणाली, म्हणजे जर्मनमधली आई, “वाइस्ट डू एश्ट, वास दास डिंग झॉइफ्ट?” ती गाडी किती ढोसते हे तुला खरंच माहीत आहे का. जर्मनमध्ये माणसं पितात ते क्रियापद वेगळं, आणि जनावरं, बेवडे आणि असल्या गाड्या पितात ते वेगळं.

“माहीत आहे,” मी म्हणाले. “तू म्हणतेस ते बरोबर आहे.”

“आणि तरी?”

“तरी.”

तिने दार आपटलं. तिचा राग रास्त होता आणि आजही आहे, मी तो खोडून काढायला जात नाही. बाकी कुणाच्याही प्रश्नापेक्षा तिचा प्रश्न मला बोचतो. माझ्याकडे त्याला उत्तर नाही, आणि उत्तर नाही म्हणून गाडी नको असं मला वाटत नाही. माणूस एवढं विसंगत असू शकतं हे तिला कधीतरी कळायचंच होतं, ते आईकडून कळलं.

शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला नवऱ्याने तह मांडला. गाडी त्याच्या नावावर घेऊ, त्याचा विम्याचा रेकॉर्ड जुना आहे, हप्ता निम्म्यावर येईल. गेनाऊ, हिशेबाने अगदी बरोबर. आमची आत्तापर्यंतची प्रत्येक गाडी याच बरोबर हिशेबाने त्याच्या नावावर आहे. मी भाजी वाढून घेतली आणि म्हणाले, “नको. महाग पडू दे.”

शनिवारी मास्तर स्टेशनवर आले होते, सायकल हातात धरून, कारण गाडी गार ठेवायची होती. गॅरेजमध्ये आम्ही ती सुरू केली, टिकटिक ऐकली, थांबेपर्यंत दोघंही हाताची घडी घालून उभे राहिलो. मग स्वयंपाकघरात कराराचा छापील कागद काढला. मी भाव केला. का नाही करणार? तुटलेल्या बोल्टसाठी इंजिनाची ती बाजू उघडावी लागेल, त्याचे किती होतात ते मला पाठ होतं. चांगल्या जर्मनमध्ये, व्याकरणासकट, शेवटची किंमत विचारली. मास्तरांनी ओठ आवळले, खिडकीबाहेर बघितलं आणि आकडा खाली आणला.

सही करायच्या आधी मला गप्प बसवेना. मी म्हणाले, “एक सांगायचंय. माझ्या नवऱ्याने तुम्हाला सांगितलं ते खरं होतं. त्या दिवशी मी ‘येते’ म्हणाले ते वचन नव्हतं. आमच्याकडे तसं म्हणतात.”

मास्तरांनी पेन खाली ठेवलं. “मग तुम्ही का आलात?”

“तुम्ही मला विचारलंत म्हणून,” मी म्हणाले. “त्याचं ऐकून सोडून दिलं नाहीत. मला विचारलंत.”

त्यांनी थोडा विचार केला. मग कागद माझ्याकडे फिरवला आणि ‘खरेदीदार’ या शब्दासमोर बोट ठेवलं. मी माझं नाव लिहिलं, माहेरचं आडनाव धरून, लांबलचक, रकान्याच्या बाहेर जाईपर्यंत. करारावर तारखेबरोबर घड्याळातली वेळही लिहावी लागते, म्हणजे त्या मिनिटापासून जे होईल ते नव्या मालकाच्या माथी. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. नंबरप्लेट अजून मास्तरांच्याच नावची होती, ती सोमवारी कचेरीत जाऊन बदलायची होती. तेवढं सोडलं तर गाडी माझी होती. मास्तर फाटकापर्यंत आले आणि ओरडले, “खांद्यावरून!” मी खांद्यावरून बघितलं आणि निघाले.

साडेतीनशे किलोमीटर. मी सावकाश जाणाऱ्यांच्या उजव्या लेनमधून आले आणि मला कशाचीही घाई नव्हती. कासेलच्या आसपास पाऊस लागला आणि छपराच्या डाव्या काचेतून पाणी माझ्या खांद्यावर ठिबकायला लागलं. ते ठिबकतं हे मला मास्तरांनी सांगितलं नव्हतं आणि मीही तपासलं नव्हतं. माझं लक्ष सगळं आवाजाकडे. मी स्वतःलाच हसले आणि खांद्यावर रुमाल ठेवला. पेट्रोल पंपावर एक मनुष्य जवळ आला, गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवला आणि त्याच्या तरुणपणी अशीच एक त्याच्या हातून कशी निसटली ते पंधरा मिनिटं सांगत राहिला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. मी मनापासून ऐकून घेतलं. गोष्ट त्याच्याकडे होती आणि गाडी माझ्याकडे.

आमच्या गल्लीत शिरले तेव्हा सात वाजत आले होते आणि अजून लख्ख उजेड होता. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. एरवी कुणी जिन्यात मोठ्याने शिंकलं तरी तक्रारीची चिठ्ठी लावणारी ही माणसं. मी इंजिन मुद्दामच लगेच बंद केलं नाही. वर आमच्या खिडकीत लेक उभी होती. ती खाली आली नाही, पण खिडकीतून हललीही नाही.

नवरा खाली आला. चप्पल घालूनच आला होता. त्याने गाडी आधी लांबून बघितली, मग जवळून, मग वाकून आत बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर मला लग्नाआधीचा, मित्राच्या बुलेटवर पहिल्यांदा बसलेला मुलगा दिसला. “बापरे,” तो म्हणाला. आणि मग जरा खाली बघून, “फोन करायला नको होता मी. सॉरी.”

“नकोच होता,” मी म्हणाले. इंजिन बंद केलं आणि उतरले. राग होता तो उतरत चालला होता, सगळा नाही.

“एक राउंड मारायची?” त्याने विचारलं.

“मारू की.”

तो ड्रायव्हरच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि माझ्यासमोर हात पुढे केला. किल्लीसाठी. त्यात कपट नव्हतं, आगाऊपणा नव्हता, विचारही नव्हता. बावीस वर्षं आम्ही दोघं कुठेही निघालो की तो हात असाच पुढे यायचा, आणि मी त्यावर किल्ली ठेवायची आणि पलीकडून जाऊन बसायची. मीही आत्तापर्यंत त्यात काही बघितलं नव्हतं.

किल्ली मी मुठीत धरली.

“तिकडून बस,” मी म्हणाले.

त्याचा हात हवेत राहिला. त्याने हाताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मग हात खिशात घालून तो पलीकडच्या दाराकडे निघाला. अमेरिकन गाडी, तिचं नाक हे एवढं लांब. त्याला वळसा घालून जायला बराच वेळ लागला. मी थांबले.